सरजाबाईचं आमेन

देवानं मला दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या, आवाज आणि राग. दोन्ही मी त्याच्याच कामाला लावल्यात, अशी सत्त्याहत्तर सालच्या नाताळापर्यंत माझी पक्की समजूत होती.

मी एस्तेर, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. पेडगावपासून कोसभरावर आमची वाडी. तिथं ख्रिस्ती घरं चौदा आणि पत्र्याचं एक देऊळ. लहानथोर सगळे मला 'बाई' म्हणायचे, कारण निम्म्या मंडळीला मीच पाढे शिकवले होते. सोमवार ते शनिवार पोरांच्या चुका काढायच्या आणि रविवारी त्यांच्या आईबापांच्या. चुका काढायची सवय एकदा हाताला लागली की ती सुट्टी घेत नाही.

पण चौदा घरांची मंडळी म्हणजे सगळी भावकी. तोंडावर बोलायला जावं तर आठ दिवस अबोला. म्हणून आमच्या देवळात एक रीत पडली होती. ज्याला जे ऐकवायचं ते प्रार्थनेत ऐकवायचं. हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि देवाचं नाव घेऊन शेजाऱ्याला झोडायचं. लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. दत्तरावानं नांगरताना भावाचा बांध कोरला, तर भाऊ रविवारी प्रार्थनेला उभा राहायचा, "बापा, जमीन तुझी हाय. कुनाचा नांगर वाकडा चालत आसंल तर तू सरळ कर." याला उत्तर काय देणार? देवाशी चाललेलं बोलणं मध्येच तोडता येत नाही. वर शेवटी सगळ्यांबरोबर दत्तरावालाही आमेन म्हणावं लागायचं. ज्यानं मार खाल्ला त्यानंच पावती द्यायची, अशी ती सोय होती, आणि या विद्येत माझा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं.

माझं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे सरजाबाई. साठीची, उंचीपुरी, एकटी राहणारी बाई. उपासनेला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या झटकायची, दिव्याच्या काचा पुसायची. पण गीत सुरू झालं की ओठ मिटून बसायची ती आमेनलाच तोंड उघडायची. देवाच्या घरात येऊन गायचं नाही, हा मला शुद्ध आळस वाटायचा. पाच वर्षं मी दर दोन-चार रविवारांनी प्रार्थना करत होते, "प्रभू, आमच्यातले काही ओठ तुझ्या स्तुतीला बंद आहेत, ते तू उघड." आणि गंमत बघा, या प्रार्थनेला सगळ्यात मोठं आमेन सरजाबाईचंच यायचं. मी मनात म्हणायचे, बाईची कातडी गेंड्याची आहे.

आमचे पाळक शलमोनराव माझ्या अगदी उलट. जिंतूर रस्त्यावरच्या एका वाडीची आणि आमची, अशा दोन मंडळ्या ते सायकलवर सांभाळायचे. माणूस मोठा गोड. सगळ्यांना 'लय छान' म्हणायचे. एका पोरानं वचन पाठ म्हणताना निम्मं गाळलं तरी लय छान. मंडळीच्या जेवणात सरजाबाईनं एकदा वरण खाली लागू दिलं. पाळकसाहेबांनी बोटं चाटून "सरजाबाई, वरन लय छान" म्हटलं, आणि त्या बिचारीनं तेव्हापासून प्रत्येक सणाला मुद्दाम तसंच करपवलं. तीन वर्षं अख्खी मंडळी ते जळकं वरण खात होती.

आता भुजंगचं सांगते. पस्तिशीचा गडी, पेडगावच्या रस्त्याला सायकल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान. त्याचा बाप लिंबाजी वरातीत ढोलकी वाजवायचा. लिंबाजी वाजवायला लागला की गाडीचे बैलसुद्धा ठेका धरतात, असं लोक म्हणायचे. वरातीबरोबर दारू आली आणि दारूनं लिंबाजी गेला. पंचाहत्तर साली भुजंगनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा वरात सोडली, दारू सोडली, पण आंब्याच्या लाकडाची एक ढोलकी स्वतः मढवली आणि देवळात आणली. आठवड्यातून एकदा, उपासनेत, तो तिला हात लावायचा. बाकी कुठं वाजवत नसे. ती एवढीच जागा त्यानं स्वतःला ठेवली होती.

बहात्तरच्या दुष्काळात उंदरांनी देवळातल्या पेटीचा भाता खाल्ला. तेव्हापासून सूर द्यायला काही उरलं नाही, म्हणून गीत मी उचलायचे आणि भुजंग आल्यापासून तो साथ करायचा. पहिलं कडवं ठीक चालायचं. दुसऱ्यापासून त्याची ढोलकी पळायला लागायची. चौथ्याला तर दावं तोडलेलं खोंड बरं. शब्द एकमेकांवर आदळायचे आणि गीत एकदाचं संपायचं. संपलं की शलमोनराव म्हणणार, "भुजंग, लय छान!"

दोन वर्षं मी हे सोसलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मात्र माझा तोल गेला. मी प्रार्थनेला उभी राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे प्रभू, काही हात तुझ्या देवळात वाजवायला बसतात, पण बापाची वरात त्यांच्या बोटांतून जात नाही. बाप्तिस्म्याआधीचा तो जुना मनुष्य अजून मेलेला नाही. त्याला तू मार."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. भुजंगचं आमेन सर्वांच्या मागून आलं, अगदी हळू. उपासना संपल्यावर त्यानं ढोलकी फडक्यात गुंडाळली, भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि पाळकसाहेबांना सलामही न करता तो निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी स्वतःला म्हटलं, खरं झोंबतंच. आता गीत तरी धड होईल. पण झालं भलतंच. ढोलकी नसल्यामुळे चारही कडवी सावकाश, माझ्या मनासारखी म्हणता आली, आणि चौथ्या कडव्याला देवळात माझ्याशिवाय कोणाचाच आवाज नव्हता. मला वाटलं, भुजंगची बाजू घेऊन सगळे माझ्यावर रुसलेत. माझ्या नाकावरचा राग आणखी चढला.

नाताळ त्या वर्षी रविवारीच येत होता आणि पाळकसाहेबांची ती दुसरी, जिंतूरची मंडळी आमच्याकडे पाहुणी यायची होती. नाताळाच्या आधीच्या रविवारी उपासना झाल्यावर शलमोनराव माझ्या घरी आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे त्यांच्या टोपी फिरवण्यावरून कळत होतं. मी चहा ठेवला. भांड्यांचा आवाज मी जरा जास्तच केला असेन.

"बाई, जिंतूरची मंडळी येनार हाय," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"आपली तयारी लय छान चाललीय."

"कसली तयारी? ढोलकी तीन आठवडे खुंटीला आहे."

"खुंटी बी लय मजबूत हाय," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी घाईनं चहाचा घोट घेतला. "चहा लय गोड झालाय, बाई."

मीही घोट घेतला. कडू जहर. रागाच्या भरात मी साखर घातलीच नव्हती.

"शलमोनराव, यात साखर नाही."

"व्हय."

"मग गोड कसा झाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमी रागात दिसल्या. म्हनलं, चहात साखर न्हाई म्हनून सांगावं तर तुमाला आनखी तरास."

"म्हणजे साखर विसरले एवढंसुद्धा मला कुणी सांगायचं नाही?"

"बाई, तुमाला सांगायची आमची टाप हाय का?"

हे ऐकून मी चरकले. पाढे चुकल्यावर पोरं जशी माझ्याकडे बघतात तसा हा पन्नाशीचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "मग आता सांगा. ज्यासाठी आलात ते सांगा. मी काही खात नाही तुम्हाला."

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "भुजंगचा बाप काढायला नको होता, बाई."

मी विझत आलेली चूल फुंकली. तेच पुढे म्हणाले, "ढोलकी पळती हे मला दोन वर्सं ठाऊक हाय. मी दर ऐतवारी लय छान, लय छान म्हनत ऱ्हायलो. येक दिवस त्याला बाजूला घेऊन इचारलं आसतं, कामून पळायलास बाबा, तर तुमाला ते देवापाशी न्यायची पाळीच आली नसती. निम्मं पाप माझं हाय."

ते निम्मं उचलत होते म्हणून उरलेलं निम्मं मला नाकारता येईना. मी म्हणाले, "उद्या शाळा सुटली की मी जाते त्याच्याकडे."

"मी बी येतो."

"नको. तुम्ही आलात की त्यात परत साखर घालाल."

दुसऱ्या दिवशी मी पेडगावचा रस्ता धरला. वाटेनं काय बोलायचं ते घोकत गेले. भुजंग टपरीत एका ट्यूबचं पंक्चर पाण्यात बुडवून शोधत होता आणि त्याची बायको पंचफुला शेजारी शेंगा निवडत बसली होती. मला बघून दोघं उठून उभे राहिले. पंचफुलानं पोतं झटकून बसायला दिलं.

"भुजंग," मी म्हणाले, "मी देवळात तुझ्या बापाचं नाव घेतलं ते चुकलं. माझं चुकलं. तू वरात सोडलीस ते सोपं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तरी मी बोलले."

तो ट्यूबवरचं पाणी पुसत राहिला. "जाऊ द्या, बाई."

"जाऊ देत नाही. आणि दुसरंही सांगते, ते डोळे उघडे ठेवून तोंडावर सांगते. तुझा हात गोड आहे, पण ढोलकी पळते. ते खरं आहे."

"पळत न्हाई, बाई," तो म्हणाला. "पळवतो."

"काय?"

त्यानं ट्यूब परत पाण्यात बुडवली. पंचफुला मात्र फसकन हसली आणि पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडे वळले. "तू सांग."

"मी सांगितलं तर तुमी पुढल्या ऐतवारी माझं नाव घ्याल प्रार्थनेत," ती म्हणाली.

"नाही घेणार. सांग."

"बाई, तुमी गानं उचलता ते येकदम आभाळात. पयल्या कडव्याला समदे कसेबसे येतात मागं. दुसऱ्याला गडीमानसं गप व्हतात. तिसऱ्याला बायांच्या गळ्याच्या शिरा फुगतात. चौथं तुमी येकल्याच म्हनता. लोकायची तकलीफ ह्यान्ला बघवत न्हाई, म्हनून हे लवकर उरकून टाकतात."

भुजंग खाली बघून म्हणाला, "तुमच्या सुराला ढोलकी लावायची तर कड्या किती ओढाव्या? तीनदा फाटली. तीनदा नवीन मढवली."

मला तीनदा मढवलेली ढोलकी माहीत होती. गडी सामान जपून वापरत नाही, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

"आणि सरजाबाई?" मी विचारलं.

"तिचा गळा खालचा," पंचफुला म्हणाली. "तिला तर पयली ओळ बी गाठत न्हाई. ती काय गानार?"

मी उठले. खरं सांगते, मला राग आला. पाच वर्षं, आणि एकानंही सांगू नये! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या बाईला तिच्या डोळ्यातलं मुसळ अख्ख्या वाडीनं बघितलं होतं आणि वर सलाम केला होता. मी तरातरा चालू लागले. पण दहा पावलं गेले आणि लक्षात आलं की माझी पिशवी टपरीतच राहिलीय, पोरांच्या वह्या तिच्यात. परत फिरावंच लागलं. माणसाला परत फिरवायचं असलं की देव त्याला पिशवी विसरायला लावतो.

भुजंग पिशवी हातात घेऊन उभाच होता. मी ती घेतली आणि विचारलं, "मग सूर कुठून उचलायचा?"

त्याच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "मी आधी दोन थापा मारीन. त्या थापेच्या सुरात उचला. वर जाऊ नका."

"आणि गेले तर?"

"तर मी तुमच्याकडं बघंन."

"आणि तुझी ढोलकी पळाली तर मी तुझ्याकडे बघेन."

"कबूल," तो म्हणाला. मग पंक्चरची कात्री उगाच इकडची तिकडं ठेवत म्हणाला, "बाई, माझा बाप लय सावकाश वाजवायचा. त्यो कधी पळाला न्हाई. दारू पिऊनसुद्धा न्हाई."

"मग त्याच्यासारखं वाजव," मी म्हणाले. आणि पिशवी खांद्याला लावून वाडीची वाट धरली.

नाताळाच्या सकाळी देऊळ गच्च भरलं. पताका लागल्या होत्या, जिंतूरचे पाहुणे सतरंज्यांवर मावेनात. भुजंग आला, खुंटीवरची ढोलकी काढली आणि आपल्या जागी बसला. शलमोनरावांनी मला प्रार्थनेला उठवलं. मी उभी राहताच सगळ्या मंडळीनं डोळे गच्च मिटले. कुणावर टोला बसणार याची वाट बघत ते कसे खांदे आखडून बसतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, कारण माझे डोळे उघडे होते.

"भुजंग," मी म्हणाले, "मी आत्ता देवाशी बोलत नाही, तुझ्याशी बोलते."

एकेक डोळा उघडायला लागला. जिंतूरकर एकमेकांकडे बघू लागले.

"मागच्या महिन्यात मी इथं उभी राहून तुझ्या बापाचं नाव वाईट बोलायला घेतलं. आज तेच नाव सगळ्यांसमोर चांगलं बोलायला घेते. लिंबाजी मोठा वाजवणारा होता, आणि तू त्याच्यातलं चांगलं ते देवळात आणलंस. मला माफ कर. आणि बाकीच्यांनो, मला गीत उचलता येत नाही हे तुम्ही पाच वर्षं मला सांगितलं नाही. यापुढे सांगत जा. मी रागावेन, पण सांगत जा."

मी बसले. कुणाला काय करावं कळेना. प्रार्थना झाली की भाषण, हेच ठरेना. भुजंग ढोलकीच्या कड्या उगाच चाचपत होता. आणि त्या शांततेत मागून सरजाबाईचं खणखणीत आमेन आलं. मग सगळी मंडळी हसली, आणि हसतहसतच सगळ्यांनी आमेन म्हटलं.

भुजंगनं दोन थापा मारल्या. तो सूर इतका खाली होता की मला वाटलं, हे गीत आता जमिनीवरून सरपटणार. पण मी त्यातच उचललं. पहिल्या ओळीला माझ्या मागून जो आवाज उठला त्यानं मी दचकले. गडीमाणसं गात होती. दत्तराव आणि त्याचा भाऊ एकाच सतरंजीवर बसून गात होते. पत्रे घुमत होते. तिसऱ्या कडव्याला माझा गळा सवयीनं वर सरकायला लागला. भुजंगनं माझ्याकडे बघितलं, मी खाली आले. चौथ्याला त्याची बोटं पळू लागली. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं हात आवरला.

आणि या सगळ्याच्या खालून एक आवाज येत होता, जाड, भरीव, जात्याच्या घरघरीसारखा. मी मान वळवली. सरजाबाई गात होती. डोळे मिटून, मांडीवर हात टाकून, एकही शब्द न चुकता चारही कडवी गात होती. शेवटच्या ओळी मी म्हटल्याच नाहीत. मी फक्त ऐकल्या.

दुपारी पंगत बसली. सरजाबाई नेहमीसारखी वरणाचं भांडं घेऊन वाढत आली. शलमोनरावांनी एक घास घेतला, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि गपकन गिळून म्हणाले, "सरजाबाई, तुमचा आवाज लय छान. वरन मात्र... जरा खाली लागलंय."

सगळी पंगत थांबली. सरजाबाई म्हणाली, "आता ग माय! मी मुद्दाम लागू देत होते, तुमाला आवडतं म्हनून. मला सोताला तर घशाखाली उतरत न्हाई."

हसून हसून जिंतूरकरांना ठसका लागला. ती पुढं सरकत माझ्या पानापाशी आली. मी हळूच म्हणाले, "सरजाबाई, पाच वर्षं मी तुमच्या ओठांसाठी प्रार्थना करत होते. तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं, की बाई, तुमचा सूर उंच आहे."

ती पळी हातात धरून थांबली. "कशापायी सांगायचं? तुमी दर बारीला देवाला म्हनायच्या, हिचे ओठ उघड म्हनून. मला बी तेच मागायचं होतं, बाई. म्हनून तर मी आमेन म्हनायची."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी बराच वेळ शोधला, पण नव्हता. मी पान पुढं केलं आणि तिच्याकडून ते जळकं वरण आणखी एक पळी वाढून घेतलं.